ऑफ तासाचं गाणं वर्गात हसवतं, मोबाईलवर का हसवत नाही?

तुझा प्रश्न दोनदा वाचला. तुम्ही नववीतले चौघे, दोन मुली आणि दोन मुलगे. ऑफ तासावर विनोदी गाणं लिहिलंत, मधल्या सुट्टीत म्हटलंत आणि सगळा वर्ग बाकं बडवून हसला. मग शाळा सुटल्यावर रिकाम्या वर्गात एक मोबाईल बाकावर ठेवून चौघांनी मिळून रेकॉर्ड केलंत, मागे दुसऱ्या मोबाईलवर एका सिनेमाच्या गाण्याचा कराओके लावून. घरी ऐकवलं तर आई म्हणाली, "छान आहे, पण काय म्हणताय ते कळत नाही." मामा हसलाच नाही. स्नेहसंमेलनात हेच रेकॉर्डिंग लावून तुम्ही त्यावर अभिनय करणार आहात आणि हातात 15 दिवस आहेत. तेव्हा दोन हजारांचा माइक घ्यावा का आणि गाण्यात सरांचं नाव घातलं तर चालेल का, हे तुझे दोन प्रश्न.

मी सांगलीत 22 वर्षं शाळांमधून समूहगीत शिकवते. घराच्या वरच्या मजल्यावर माझी छोटी रेकॉर्डिंगची खोली आहे आणि दर डिसेंबरमध्ये तुमच्यासारखे गट तिथे येतात. त्यामुळे माइकचं उत्तर लगेच देते: घेऊ नका. तुमची अडचण माइकने सुटणारी नाही.

वर्गात मुलं हसली तेव्हा त्यांना बरंच काही आधीच ठाऊक होतं. सर माहीत होते, कालचाच प्रसंग डोळ्यांसमोर होता, आणि गाताना तुमच्यातला एकजण दाराकडे बघून डोळे मोठे करत असणार. निम्मा विनोद चेहऱ्यावर होता. मामाकडे यातलं काहीच नव्हतं, त्याच्याकडे फक्त कान होते. म्हणजे खरा प्रश्न असा आहे की ज्याने तुमची शाळा पाहिलेली नाही, त्याला केवळ ऐकून हसू यायला काय करावं लागेल? त्याचं बरंचसं उत्तर वहीत आहे, थोडं गळ्यात आणि उरलेलं खोलीत. याच क्रमाने जाऊ.

तू पाठवलेल्या पहिल्या दोन ओळी अशा आहेत:

गणिताच्या सरांनी आमचा ऑफ तास खाल्ला
विज्ञानाचे सर नव्हते म्हणून आनंद झाला

"ऑफ तास खाल्ला" हे तुम्हाला फार छान सापडलं आहे. शाळेत जे रोज बोललं जातं तेच गाण्यात आलंय, ते अजिबात बदलू नका. पण जागा चुकली. पहिल्याच ओळीत गणिताचे सर येऊन बसले, आता ऐकणाऱ्याने वाट कशाची बघायची? आधी आनंद हवा, मग दार उघडायला हवं आणि सर सगळ्यात शेवटी यायला हवेत. तुम्ही घडलेली गोष्ट निकालापासून सांगायला सुरुवात केली आहे.

दुसरी गोष्ट मात्रांची. मराठीच्या पुस्तकात लघु-गुरू शिकलात ते इथे कामाला येतं. ऱ्हस्व अक्षर एक मात्रा, दीर्घ अक्षर दोन, आणि जोडाक्षराच्या आधीच्या ऱ्हस्वावर आघात आला तर त्याच्याही दोन. तुमच्या पहिल्या ओळीत 26 मात्रा होतात, दुसरीत त्याहून एक-दोन जास्तच. आठ मात्रांच्या केहरवा तालात हे बसवायचं म्हणजे शब्द कोंबावे लागतात, आणि शब्द कोंबले की जीभ धावते. आईला शब्द कळले नाहीत त्याचं मोठं कारण हे आहे. तुमच्याच ओळी आठ-आठ मात्रांत बसवून, क्रम उलटा करून बघ:

विज्ञानाचे सर ना आले
बाकावरती ढोल वाजले
दार उघडले, पट्टी दिसली...
गणिताचे सर!

पहिल्या तीन ओळी आठ अधिक आठ मात्रांच्या आहेत. चौथी फक्त आठांची, आणि तिच्यापुढच्या आठ मात्रा मी मुद्दाम मोकळ्या सोडल्या आहेत. केहरवा टाळीवर म्हणून पाहा, दर दोन मात्रांना एक टाळी, मिनिटाला साधारण 100 टाळ्या. "गणिताचे"चा ग समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर, पडेल, "सर" सातव्या-आठव्या मात्रेवर, आणि पुढच्या समेवर चौघांनी मिळून बाकावर एकच थाप मारायची. धप्प. मग गप्प. त्या आठ मात्रांत 2.4 सेकंद जातात. ऐकणाऱ्याला "अरे, परत गणित!" हे उमगायला आणि हसू फुटायला तेवढा वेळ लागतोच. तुमच्या रेकॉर्डिंगमध्ये विनोदाच्या शब्दाला लागूनच पुढची ओळ सुरू होते, त्यामुळे जो हसेल त्याचं पुढचं ऐकायचं राहतं आणि ज्याला ऐकायचंय तो हसू दाबतो.

पट्टीही उगाच आलेली नाही. सर येण्याआधी सरांची वस्तू दिसते. ज्याने तुमच्या सरांना कधी पाहिलेलं नाही, त्यालाही फळ्यावर भूमितीच्या आकृत्या काढायची ती लांब लाकडी पट्टी ठाऊक असते. ज्या ज्या ठिकाणी तुमच्या वर्गापुरती ओळख वापरली आहे, तिथे सगळ्यांनी पाहिलेली एखादी वस्तू शोधा.

आता "ऑफ तास". कागदावर मोजलंस तर त्याच्या सहा मात्रा होतील. पण बोलताना शेवटचा अ गळतो, आपण "ऑफ् तास्" म्हणतो आणि गाण्यात ते दोन गुरूंसारखं चार मात्रांत बसतं. म्हणून "खाल्ला, खाल्ला, ऑफ तास खाल्ला" ही ओळ आठ अधिक आठ अशी नीट म्हणता येते. वहीतल्या आकड्यापेक्षा तोंडावर विश्वास ठेवा. माझ्या खोलीत एक नियम आहे, ज्याने ओळ लिहिली त्याने ती पहिल्यांदा वाचायची नाही. वही दुसऱ्याच्या हातात द्यायची. तो जिथे अडखळेल तिथे ओळ चुकलेली असते, वाचणारा चुकत नाही.

ही "खाल्ला खाल्ला" ओळ तुमचं ध्रुपद होईल. एरवी गाणं ध्रुपदाने सुरू करतात. इथे तसं केलंत तर सगळं गुपित पहिल्या पाच सेकंदांत उघडं पडेल. पहिलं कडवं सरळ सुरू करा आणि ध्रुपद थापेनंतरच्या मोकळ्या जागेनंतर आणा, दोनदा.

पुढची कडवी कशी लिहायची यासाठी भोंडल्यातलं कारल्याच्या वेलाचं गाणं आठवा. सुनेला माहेरी जायचंय. सासू म्हणते, कारल्याचं बी पेर, मग जा. बी पेरलं, तर आता वेल येऊ दे. मग फूल, मग कारलं, मग भाजी. दुसऱ्या फेरीतच आपल्याला कळतं की सासू सोडणार नाही, तरीही प्रत्येक वेळी आता तरी सोडेल असं वाटत राहतं. भोंडल्यातल्या मुली हे गाणं आपल्या आज्यांच्याही आधीपासून फेर धरून म्हणत आल्या आहेत, म्हणजे ही बांधणी किती पक्की असेल बघ. तुमची गोष्ट अगदी तशीच आहे. दुसऱ्या कडव्यात इंग्रजीच्या बाई रजेवर, तिसऱ्यात चित्रकलेचे सर निवडणुकीच्या कामाला, आणि दर वेळी दारात तीच पट्टी. ही मधली दोन कडवी मी लिहून देणार नाही, ती तुमची आहेत. एवढंच सांगते की तिसऱ्या कडव्यात "पट्टी दिसली"नंतर मुख्य गाणाऱ्याने गप्प बसावं. "गणिताचे सर" तोवर सभागृहच ओरडेल.

चौथं कडवं मात्र उलटं फिरलं पाहिजे, नाहीतर गाणं जिथून निघालं तिथेच थांबेल. एक सुचवते:

गणिताचे सर सुट्टीवरती
बाकावरती ढोल वाजले
दार उघडले, कुणी न दिसले...

यानंतर काय, ते शेवटी सांगते. चार कडवी आणि प्रत्येकानंतर दोनदा ध्रुपद धरलं, तरी या लयीत गाणं दोन मिनिटांच्या आत संपतं. विनोदी गाण्याला तेवढं पुरे.

सरांच्या नावाबद्दल. नाव नको, टोपणनाव तर मुळीच नको. काही वर्षांपूर्वी एका शाळेच्या दहावीच्या मुलांनी माझ्याकडे असंच एक गाणं रेकॉर्ड केलं होतं. त्यात एका बाईंच्या अडखळत बोलण्याची नक्कल होती. मुलं गुणी होती, कोणाच्या मनात वाईट नव्हतं, आणि मीही त्यांना थांबवलं नाही. कार्यक्रमात बाई पहिल्या रांगेत बसल्या होत्या. गाणं निम्म्यावर असताना त्या उठून बाहेर गेल्या. नंतर मुलं रडली. ते रेकॉर्डिंग मी करायला नको होतं, हे मला अजून लागून राहिलंय. तेव्हापासून मी ओळीओळीला एकच विचारते, आपण प्रसंगावर हसतोय की कोणाच्या अंगावर, आवाजावर, घरच्या परिस्थितीवर, जातीवर? तुमच्या गाण्यात हसू आहे ते तुमच्या उतावळेपणाचं. बाकावर ढोल वाजवणारी मुलं तुम्हीच आहात. सर फक्त त्यांचं काम करायला येतात. हे असंच ठेवा, आणि रेकॉर्डिंगच्या आधी ओळी सरांना वाचून दाखवा. त्यांनी एखादा शब्द काढायला सांगितला तर काढा.

चाल स्वतःची करा. सिनेमाच्या चालीवर शब्द बसवणं ही आपल्याकडची जुनी हौस आहे. शाळेच्या कार्यक्रमात, फक्त विद्यार्थी, शिक्षक आणि पालक यांच्यासमोर सादर करण्यासाठी 1957 च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम 52 मध्ये सवलतही आहे. पण तुम्ही रेकॉर्डिंग करताय, आणि ते उद्या कोणीतरी इंटरनेटवर टाकणारच. तिथे ती सवलत लागू पडत नाही. चालीवर संगीतकाराचा हक्क असतो आणि कराओकेचा ट्रॅक हे आणखी कोणाचं तरी रेकॉर्डिंग असतं. शिवाय मला त्याहून मोठी अडचण वेगळीच दिसते. ओळखीची चाल वाजली की ऐकणाऱ्याच्या मनात मूळ शब्द सुरू होतात आणि तुमचे शब्द त्यांच्याखाली दबतात. सा, रे, ग, प एवढ्या चार सुरांत कडवं बसवा. भोंडल्याच्या गाण्यांनाही फारसे सूर लागत नाहीत आणि ती सगळ्यांना म्हणता येतात.

इथे एक गोष्ट तुमच्या गळ्यांवर अवलंबून आहे. तेरा-चौदाव्या वर्षी मुलांचे आवाज फुटत असतात. दोन्ही मुलांचे फुटले असतील तर ते पेटीवरच्या काळी एकच्या सुराच्या आसपास गातील आणि तुम्हा मुलींना काळी चार सोयीची पडेल. अशा वेळी चौघांना सुराच्या एकाच पट्टीत ओढलं की कोणीतरी ओरडतं आणि कोणीतरी पुटपुटतं. म्हणून कडवं एकानेच गायचं. कोणी? चौघांत ज्याचे शब्द सगळ्यात स्वच्छ येतात त्याने, मग सूर थोडा कमी असला तरी चालेल. ज्याचा गळा गोड आहे त्याच्याकडे ध्रुपद द्या, बाकीचे त्याच्यामागे. सुराची पट्टी कडवं गाणाऱ्याची धरा, आणि ध्रुपद चौघांना झेपेना तर तेवढं बोलल्यासारखं ठेक्यात म्हणा. ते वाईट लागत नाही, उलट वर्ग ओरडतोय असं वाटतं.

गाताना मात्र हसायचं नाही. ज्या रेकॉर्डिंगमध्ये गाणाराच फिसकन हसतो, तिथे ऐकणारा बाहेर राहतो. "पट्टी दिसली" हे दुःखाची बातमी सांगावी तसं, गंभीरपणे म्हणा.

आता खोली. रिकाम्या वर्गात चार उघड्या भिंती आणि फरशी असते. आवाज आपटून परत येतो, आधीचा शब्द पुढच्यावर चढतो. त्यातून चौघं मोबाईलपासून वेगवेगळ्या अंतरावर. माइक पाच हजारांचा असता तरी त्याने हाच गोंधळ अधिक स्पष्ट टिपला असता. चौघांपैकी ज्याच्या घरी गाद्या, गोधड्या आणि कपड्यांनी भरलेलं कपाट असलेली खोली आहे ती निवडा. कपाटाचं दार उघडा, मोबाईल कपड्यांकडे पाठ करून गाणाऱ्यासमोर ठेवा, आणि गाणाऱ्याच्या मागे दोरीवर एक जाड गोधडी टाका. एवढ्याने आवाज जो कोरडा आणि जवळचा होतो तो ऐकून तुम्हालाच नवल वाटेल. पंखा बंद, फ्रिज शेजारच्या खोलीत असेल तर मधलं दार बंद, मोबाईल एअरप्लेन मोडवर. असं शांत घर कोणाचंच नसेल तर पहाटे साडेपाचला करा, त्या वेळी कुकरच्या शिट्ट्या आणि रिक्षा दोन्ही नसतात.

मोबाईलचा मुख्य माइक बहुतेक वेळा खालच्या कडेला, चार्जिंगच्या भोकाजवळ असतो. तिथे बोट येऊ देऊ नका. तोंडापासून एक वीत अंतर ठेवा आणि मोबाईल तोंडाच्या अगदी समोर न धरता किंचित बाजूला. प, फ, भ म्हणताना जी हवा सुटते ती थेट माइकवर आदळली की "फट्" असा आवाज येतो. हाताचा तळवा तोंडासमोर धरून "पट्टी" म्हणून बघ, कळेल.

आवाज एकेक करून घ्यायचे म्हणजे कानात ठेका हवा. मोबाईलवर बँडलॅब फुकट मिळतं, आयफोन असेल तर गॅरेजबँड, संगणक असेल तर ऑडॅसिटी. तिघांपैकी काहीही चालेल. फक्त इअरफोन वायरचा घ्या, ब्लूटूथचा नको. ब्लूटूथवर आवाज कानात उशिरा पोचतो. तो उशीर 0.15 ते 0.2 सेकंद धरला आणि तुमची एक टाळी 0.6 सेकंदाची असेल, तर गाणारा पाव ते एक तृतीयांश टाळी मागे पडणार. आधी "सर" आणि मग समेवर थाप, हे जे सगळं आपण जुळवलं ते तिथेच विस्कटेल. दोन हजार वाचवलेत, त्यातले थोडे साध्या वायरच्या इअरफोनवर खर्च करा. अ‍ॅपच्या मीटरवर आवाजाची पातळी सगळ्यात मोठ्या ओरडण्याला उणे 6 डेसिबलच्या आसपास राहील अशी ठेवा. "खाल्ला" ओरडताना चिरकलं तर नंतर दुरुस्त होत नाही.

बाकाची थाप मात्र वर्गातच रेकॉर्ड करा. तिथे तो घुमारा हवा आहे. मोबाईल हातभर लांब ठेवून दहा-बारा थापा घ्या. काही मुठीच्या, काही उघड्या तळव्याच्या, एखादी कंपासपेटी ठेवून, म्हणजे पत्र्याचा खणखणाट येईल. त्यातली चांगली निवडून तुमच्या ठेक्यात बसवा. ढोलकी किंवा तबला वाजवणारं कोणी असेल तर ठीक, नसेल तर काहीच अडत नाही. या गाण्याचं वाद्य बाकच आहे.

प्रत्येक ओळ तीन-चार वेळा घ्या, पुढे जाऊ नका. दहाव्या वेळी शब्द बरोबर येतात पण मजा उडालेली असते, हे मी शेकडो वेळा पाहिलंय. आणि तयार झालेली फाइल डब्ल्यूएव्हीमध्ये, म्हणजे आवाज न दाबणाऱ्या प्रकारात, ठेवा, व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवताना डॉक्युमेंट म्हणून पाठवा, नाहीतर स्पीकरवर लावायची वेळ येईल तेव्हा आवाज पिचलेला निघेल.

दिवसांचं म्हणशील तर पहिले पाच शब्दांना द्या, पुढचे तीन चाल आणि पाठांतराला, दोन रेकॉर्डिंगला, उरलेले अभिनयाला. शब्द पक्के झाले की एकदा मामालाच नुसते वाचून दाखवा, चालीशिवाय. तो "गणिताचे सर"ला हसला तर पुढे जा. नाही हसला तर माझ्या ओळी टाकून दुसऱ्या शोधा.

एक छोटी पण वादाची गोष्ट. कल्पना कोणाची, ओळ कोणाची, यावरून चांगले मित्र अबोला धरतात. चौघांनी एकत्र बसून, कोणाचं काय ते वेगळं काढता येणार नाही असं लिहिलंत, तर ते कायद्यानेही चौघांचंच असतं. निवेदनाच्या चिठ्ठीवर "शब्द आणि चाल" याखाली चारही नावं बाराखडीच्या क्रमाने लिहा, आणि हे रेकॉर्डिंगच्या आधी ठरवा.

आता तो शेवट. "दार उघडले, कुणी न दिसले" यानंतर गाऊ नका. थापही नको. सहा-आठ मात्रा पूर्ण शांतता, आणि मग गणिताच्या सरांचा स्वतःचा आवाज: "वह्या काढा."

सरांना जाऊन सांगा की आम्हाला तुमचे दोन शब्द हवेत. ओळी आधी दाखवलेल्या असतील तर ते नाही म्हणतील असं मला वाटत नाही. माझ्याकडच्या एका गटासाठी त्यांचे इतिहासाचे सर खास वेळ काढून आले होते, इस्त्रीचा शर्ट घालून, आणि दोन वाक्यांसाठी तिनदा पाणी प्यायले होते. तुमच्या सरांना शिक्षकखोलीत, खिडक्या लावून, मोबाईलपासून एक वीत उभं करा. अभिनय करू नका, रोज म्हणता तसंच म्हणा, एवढंच सांगा. आणि रेकॉर्डिंग ते बोलायच्या बरंच आधी सुरू करून ठेवा. खरं "वह्या काढा" बहुधा तुम्ही तयार व्हायच्या आधीच निघून जातं.